एआयला तेरीज कळावी म्हणून: कोडिंग असिस्टंटसाठी आपली स्वतःची टूल्स

कोडिंग असिस्टंट, म्हणजे कोड लिहायला मदत करणारे एआय, वापरणारे आता पुण्यात ढिगाने आहेत, हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कंपन्यांपासून ते कर्वे रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसपर्यंत. पण त्या असिस्टंटला आपल्या कामाची टूल्स करून देणारे मला त्या मानाने फारच कमी भेटतात, आणि मला मनापासून वाटतं की खरा फायदा तिथेच आहे. क्लॉड कोड घ्या, कर्सर घ्या, कोपायलट घ्या, सगळ्यांना पायथन येतं, डेटाबेसशी बोलायचं एसक्यूएल येतं, रिअ‍ॅक्ट तर पाठच असतं. तुमच्या धंद्यातलं मात्र त्यांना काही माहीत नसतं, ते तुम्हीच द्यायचं असतं.

आमची टीम लहान आहे, आम्ही सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, भोर अशा तालुक्यांतल्या संस्था, रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेनिहाय नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा), मुदत ठेव, पिग्मी (रोजची छोटी बचत), जामीनकीवर दिलेलं कर्ज, हे आमचं रोजचं जग. सध्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नव्या सिस्टीममध्ये आणणं, आणि त्यात असिस्टंटची मदत घ्यायची तर त्याला या जगात हात घालायला काहीतरी दिलंच पाहिजे, नाहीतर ते बिचारं टेबलांची नावं बघून अंदाज बांधत बसतं.

आधी टूल म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण यात खूप जणांचा गोंधळ असतो. असिस्टंटमागचं मॉडेल स्वतः काहीही चालवत नाही. आपण त्याला टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कुठले इनपुट लागतात त्याचा जेसन स्कीमा (ठरावीक साच्यातला तपशील) देतो, काम करता करता त्याला वाटलं की इथे हे लागेल, तर ते फक्त जेसनमध्ये लिहून देतं की अमुक टूल, अमुक इनपुट. चालवतो आपला प्रोग्रॅम, आणि आलेलं उत्तर टेक्स्ट म्हणून परत त्याच्यासमोर ठेवतो, मग ते पुढचं ठरवतं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हाही हाच मामला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला आणि तेव्हापासून एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या असिस्टंटना जोडता यायला लागलं. मायक्रोसॉफ्टचा २०१६ मधला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल, त्याच धर्तीवर आहे, खाली तोच जेसन-आरपीसी.

लिहायला खरंच सोपं आहे. पायथनमध्ये एमसीपीच्या अधिकृत एसडीकेमधलं (तयार कोडच्या संचामधलं) फास्टएमसीपी घ्यायचं, साधं फंक्शन लिहायचं, वर एक डेकोरेटर लावायचा, टाइप हिंट्सवरून स्कीमा होतो आणि डॉकस्ट्रिंगचं, म्हणजे फंक्शनमध्ये लिहिलेल्या माहितीचं, वर्णन होतं. झालं टूल. फक्त एक लक्षात ठेवा, टूल्स पुरवणारा हा सर्व्हर लोकल असेल, म्हणजे स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलत असेल, तर कोडमध्ये कुठेही साधा प्रिंट ठेवायचा नाही, कारण तो प्रोटोकॉलच्या मेसेजमध्ये घुसतो आणि पलीकडे जेसन वाचताच येत नाही. लॉग सगळे स्टँडर्ड एररवर पाठवायचे. आणि टूलचं नाव रोमन अक्षरांत ठेवावं लागतं, मॉडेलच्या एपीआयला रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, हायफन असलंच नाव चालतं, त्यामुळे आमच्या टूल्सची नावं मराठी आहेत पण टाइप रोमनमध्ये केलेली. इथे मी ती देवनागरीत लिहितेय.

आता मुद्द्याचं. पहिलं टूल कुठलं करावं? माझं उत्तर, जिथे असिस्टंट आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो तिथलं. आमच्याकडे ते नाव शोधण्याचं होतं.

उदाहरण घ्या, कुऱ्हाडे आडनाव. डेटाबेसमध्ये हे आडनाव असलेले सभासद आहेत, स्क्रीनवर दिसतायत, असिस्टंटला म्हटलं यांची खाती काढ, त्याने नीट एसक्यूएल लिहिलं, उत्तर आलं शून्य ओळी. आणि त्याने पुढे रिपोर्टमध्ये लिहिलं की या आडनावाचा एकही खातेदार नाही. कारण काय, तर आपला तो अर्धा ऱ. तो साठवायच्या तीन तऱ्हा आहेत. एक म्हणजे ऱ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र कोडपॉइंट, म्हणजे स्वतःचा क्रमांक, असलेलं अक्षर आणि पुढे हलन्त, म्हणजे कुऱ्हाडे. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे कुर्‍हाडे. तिसरी म्हणजे र, खाली नुक्ता, मग हलन्त. डोळ्यांना तिन्ही सारखंच, कॉम्प्युटरला तीन वेगळी आडनावं. तुम्ही म्हणाल युनिकोड नॉर्मलायझेशन करा की, म्हणजे सगळी रूपं एकसारखी करून घ्या, तर त्यातल्या एनएफसी या पद्धतीने फक्त नुक्तावाली तिसरी तऱ्हा पहिलीत येते, जॉइनरवाली तशीच राहते, ती हाताने बदलावी लागते. हेच ॲचं. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन लिहायचे, आणि या दोघांना तर कुठलंच नॉर्मलायझेशन एक मानत नाही. वकील सभासदांच्या नावाआधीचा ‘ॲड.’ शोधून बघा एकदा.

तर नाव_शोधा हे टूल हे सगळं पोटात घेतं. आलेलं नाव आणि डेटातलं नाव दोन्ही एका रूपात आणतं, र्‍हस्व-दीर्घाचा फरक सोडून देतं, जोशी आणि जोशि एकच धरतं, आणि उत्तरात किती खाती हुबेहूब जुळली आणि किती जवळपास, हे वेगळं सांगतं. शून्य आलं तर नुसतं शून्य म्हणत नाही, कुठल्या रूपांनी शोधलं तेही लिहितं. कोड जेमतेम एका स्क्रीनवर मावेल एवढा. पण त्यानंतर असिस्टंटने काढलेल्या याद्यांवर आम्ही विश्वास ठेवायला लागलो, आणि एखाद्या म्हातार्‍या खातेदाराची ठेव यादीतून गळणं म्हणजे काय असतं हे पतसंस्थेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

दुसरी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे वर्णन. टूलच्या कोडपेक्षा वर्णनावर जास्त वेळ घालवा असं मी नव्याने येणार्‍या प्रत्येकाला सांगते, कारण मॉडेलला कोड दिसतच नाही, त्याला दिसतं नाव, वर्णन आणि स्कीमा, बस. आमच्याकडे हिशोबाचं बघणारे एक काका आहेत, अर्धं आयुष्य पतसंस्थेच्या काउंटरमागे गेलेलं. तेरीज_तपासाचं वर्णन लिहायच्या आधी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले.

‘काका, तेरीज हातात आली की तुम्ही पहिलं काय बघता?’

‘फरक बघतो. नऊने भाग जातो का ते बघतो.’

‘नऊने का?’

‘अगं, पाचशे चाळीसच्या जागी चारशे पन्नास लिहिले तर फरक किती? नव्वद. आकडे उलटे पडले की फरकाला नऊने भाग जातोच. नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधतो, कुणीतरी नावेची जमेला टाकलेली असते. आणि हे बघ, तेरीज जुळली म्हणून खूश व्हायचं नाही. कर्जाचा हप्ता अनामतीला जमा केला तरी तेरीज जुळतेच की.’

हे सगळं जसंच्या तसं वर्णनात गेलं. आता ते असं आहे: ‘दिलेल्या तारखेअखेरची तेरीज काढतं आणि नावे-जमा बेरजेतला फरक सांगतं. फरक नऊने भागला जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे तपासावेत. नाहीतर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी, ती उलट्या बाजूला गेलेली असू शकते. फरक शून्य आला तरी नोंदी बरोबर आहेत असं समजू नये, चुकीच्या खात्यावर गेलेली रक्कम इथे दिसत नाही, त्यासाठी खतावणी_बघा वापरावं.’ इम्पोर्ट केलेल्या डेटात एकतर्फी नोंदी पडलेल्या असतात तिथे हे वर्णन सोन्याचं काम करतं, असिस्टंट स्वतःहून फरक घेतो, भागून बघतो, निम्मी रक्कम घेऊन खतावणीत शिरतो. काकांच्या डोक्यातलं कुठेच लिहिलेलं नव्हतं, ना आमच्या मॅन्युअलमध्ये ना कोडमधल्या कॉमेंट्समध्ये, आणि आता ते आमच्या कोडच्या रेपोमध्ये आहे, नवीन आलेला मुलगाही तेच वाचून शिकतो.

सगळ्यांना पहिला मोह होतो तो एकच मोठं टूल करायचा, एसक्यूएल चालवा, की झालं, सगळं त्यातच येतं. मी याच्या विरोधात आहे. एक तर त्यात धोका, त्यावर पुढे येते, पण मुख्य म्हणजे त्यातून असिस्टंटला काहीच कळत नाही. पतसंस्थेत माणूस ज्या क्रियापदांत बोलतो, खातं बघ, तेरीज काढ, व्याज काढ, पिग्मी जुळव, तीच क्रियापदं टूल्स झाली पाहिजेत. नवीन कारकुनाला तिजोरीची किल्ली देऊन मोकळं होत नाही कुणी, त्याला आधी एकेक काम देतात, तसंच हे.

व्याजाचं तर टूल असलंच पाहिजे. मॉडेलला तोंडी हिशोब करायला लावू नका, छोटी उदाहरणं बरोबर येतात आणि तीच फसवतात, चारशे दिवसांच्या ठेवीचं मधे दर बदललेलं व्याज काढायला सांगा आणि बघा. आमचं व्याज_काढा हे टूल प्रॉडक्शनमधलं फंक्शनच बोलावतं, वेगळं काही नाही, म्हणजे असिस्टंट जो आकडा सांगेल तो काउंटरवर छापला जाणाराच आकडा असतो. आणि वर्णनात लिहिलंय की वर्ष ३६५ दिवसांचं धरायचं की लीप वर्षात ३६६ चं, हे संस्थेच्या सेटिंगवरून येतं, स्वतः ठरवू नये. २०२३-२४ या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी आली होती, त्या एका दिवसाने मुदत ठेवींच्या पावत्यांवर छोटे छोटे फरक येतात, आणि ऑडिटर रुपयासाठीही थांबवतो, बरोबरच आहे त्याचं.

एरर मेसेजबद्दल थोडं. माणसासाठी लिहिलेला एरर आणि मॉडेलसाठी लिहिलेला एरर यात मला आता फारसा फरक वाटत नाही, दोघांनाही पुढे काय करायचं ते कळलं पाहिजे. एमसीपीमध्ये टूल फसलं तर रिझल्टमध्येच एररची खूण करून मजकूर पाठवता येतो, मॉडेल तो वाचतं आणि दुसरा प्रयत्न करतं. ‘इनव्हॅलिड डेट’ एवढंच पाठवलं तर ते तारखेचा फॉरमॅट उलटापालटा करत बसेल. त्याऐवजी आम्ही पाठवतो, ‘ही तारीख संस्थेचा डेटा इम्पोर्ट होण्याआधीची आहे, त्याआधीच्या नोंदी जुनी_किर्द या टूलने मिळतील.’ लगेच बरोबर जागी जातं.

उत्तराची लांबी हाही असाच विषय. टूलने परत पाठवलेला प्रत्येक शब्द कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलच्या एका वेळच्या मर्यादित वाचनाच्या जागेत, जाऊन बसतो, आणि देवनागरीला बहुतेक मॉडेल्सचे टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारे भाग) इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे तुकडे, लावतात, म्हणजे आपल्याला हे दुप्पट जपून करावं लागतं. खतावणी_बघा पन्नास नोंदींवर थांबतं आणि खाली लिहितं, अजून इतक्या आहेत, तारीख कमी करा किंवा रक्कम द्या. टूल्सची वर्णनंही कॉन्टेक्स्टमध्येच जातात, त्यामुळे कुठूनतरी मिळालेले दहा एमसीपी सर्व्हर जोडून ठेवणार्‍यांचं मला नवल वाटतं, लागेल ते ठेवा, बाकीचं काढा.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी जरा कडक आहे. हे लोकांच्या पैशांचे हिशोब आहेत. भाजीवाल्या मावशी रोज पन्नास-शंभर रुपये पिग्मीला भरतात त्यांची नावं, आधार, फोन नंबर यात असतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच होती. म्हणून टूल्स खर्‍या डेटाबेसला जोडलेलीच नाहीत, नावं आणि नंबर बदललेल्या कॉपीला जोडलीत, कुऱ्हाडेच्या जागी दुसरं आडनाव येतं पण अर्ध्या ऱच्या तिन्ही तऱ्हा तशाच राहतील असं बघून. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेगळा रोल केलाय, त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचायचा, हक्क, शिवाय लांबलेली क्वेरी तोडणारा स्टेटमेंट टाइमआउट. एमसीपीमध्ये टूलवर ‘हे फक्त वाचतं’ अशी खूण करायची सोय आहे, ती करा, पण तिच्यावर विसंबू नका, ती नुसती सूचना आहे आणि स्पेसिफिकेशनमध्येच म्हटलंय की अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विश्वास ठेवू नये. कुलूप डेटाबेसलाच लावायचं.

अजून एक, जे आपल्याकडे अजून फारसं कुणी बोलत नाही. नोंदीच्या तपशिलाच्या कॉलममध्ये कुणीही काहीही लिहू शकतं, आणि टूल तो मजकूर मॉडेलसमोर नेऊन ठेवतं. त्यात कुणी ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर’ असं लिहिलं तर? याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, सॉफ्टवेअर डेव्हलपर सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये हे नाव रूढ केलं, आणि २०२५ मध्ये त्यांनीच सांगितलं की खाजगी डेटा, बाहेरून आलेला मजकूर आणि बाहेर काही पाठवायची सोय, या तीन गोष्टी एकाच एआय एजंटकडे आल्या की धोका पक्का. आमच्याकडे पहिल्या दोन टाळता येत नाहीत, नावं बदलली तरी रकमा आणि नोंदी संस्थेच्याच असतात, म्हणून तिसरी बंद ठेवलीय. या टूल्सबरोबर इंटरनेटवर जाणारं एकही टूल चालू नसतं, ईमेल पाठवणारं तर नाहीच. कुणी कितीही आग्रह केला तरी मी हे उघडू देणार नाही.

आणि प्रत्येक वेळी एमसीपीच लागतं असंही नाही हां. असिस्टंटला टर्मिनल वापरता येतं, तर साधी कमांड लाइन स्क्रिप्ट लिहून प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या की काम भागतं. आमचं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम असंच स्क्रिप्टने चालतं, ते माणूसही चालवतो, असिस्टंटही चालवतो. जिथे हक्कांवर बंधन हवं, इनपुट नीट तपासून घ्यायचा आहे, किंवा टीममधल्या वेगवेगळ्या एडिटरवाल्यांना एकच टूल द्यायचंय, तिथे एमसीपी. कॉन्फिगची जेसन फाइल प्रोजेक्टच्या रेपोमध्येच ठेवलीय, नवीन मशीनवर कोड ओढला की टूल्सची जोडणीही सोबत येते.

टूल्सचे कॉल सगळे लॉग होतात आणि शुक्रवारी संध्याकाळी मी ते वाचते. कुठलं टूल कशासाठी बोलावलं, कुठे एकच टूल इनपुट बदलून परत परत बोलावलं, कुठे तेरीज हवी होती आणि खतावणी उघडली. बहुतेक वेळा इलाज वर्णनात एक वाक्य घालणं एवढाच असतो. पिग्मी_जुळवा मध्ये ‘एजंटच्या मशीनची फाइल दुसर्‍या दिवशी सकाळी येते, म्हणून आजच्या तारखेला फरक दिसणं स्वाभाविक आहे’ एवढं लिहिलं आणि रोजचा एक खोटा बग बंद झाला.

आता पुढचं टूल सोनेतारणाचं करायचंय, त्यावर ऑफिसात वाद चालू आहे. टीममधल्या दोघांचं म्हणणं सोन्याचा भाव टूलने नेटवरून घ्यावा. माझं आणि काकांचं म्हणणं, संस्थेने त्या दिवशी रजिस्टरला लावलेला भावच घ्यायचा, कारण कर्ज त्याच भावावर मंजूर झालेलं असतं, आणि नेटवर जाणारं टूल तर मला या डेटाशेजारी नकोच आहे. तुमच्यापैकी कुणी पतसंस्था किंवा सहकारी बँकेसाठी असलं काही केलं असेल तर भाव कुठून घेता ते मला जरूर कळवा.